डॉक्टरांचा ‘विथ’

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. कराडच्या माझ्या बहिणीलाही ठाऊक नाही — आणि तिला मी काय सांगत नाही! आमटीत मीठ जास्त पडलं तरी तिला फोन जातो. पण हे नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मध्येच ‘अगं पण’ म्हणणार नाही.

तशी गोष्ट हसण्यासारखीच आहे. खून नाही, दरोडा नाही. एका शब्दाची चोरी — तीही घरातल्या घरात. पण थांबा, चोरी हा यातला लहान भाग. मोठा भाग सांगायला जरा वेळ लागेल मला.

मी नंदा. चंदीगडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. नवरा, श्रीधर, इथल्या मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. लोकांसमोर ‘डॉक्टर’, घरात ‘अहो’. गोष्ट नव्वदच्या दशकातली. घरोघरी केबल नवीनच आली होती आणि सगळ्या गावाला इंग्रजीचं वेड लागलं होतं. कॅनडाला निघालेले, परदेशी कंपनीत लागलेले, नुसतेच ‘जायेंगे जी, पक्का जायेंगे’ म्हणणारे — सगळे संध्याकाळी शिकवणीला माझ्या बैठकीत हजर. त्यामुळे आमच्या मराठी मंडळात इंग्रजी म्हटलं की नंदाताई, असं ठरून गेलं होतं. मीही ते ठरवून टाकलं होतं. शाळेतली पोरं माझ्या कराडी उच्चारांना खुदुखुदु हसायची, ते मी मंडळात थोडंच सांगणार?

आणि अशात एके दिवशी श्रीधर सेक्टर 17च्या बाजारातून एक जुना इंग्रजी कोश घेऊन आले. उशीएवढा जाड, अक्षरं मुंगीएवढी, वर एक भिंग. लोक रविवारी क्रिकेट बघायचे. आमचे हे भिंग लावून शब्द तपासत बसायचे. आणि अडकले कशात, तर ‘विथ’मध्ये. मुलांना मी ‘विथ म्हणजे सोबत’ एवढं शिकवून पुढे जायचे, त्या शब्दात हा माणूस महिनेच्या महिने मुक्कामाला राहिला.

रोज शिकवणी आटोपली की आम्ही सुखना तलावावर फिरायला जायचो. मी, श्रीधर आणि आमची सात वर्षांची मुक्ता. तिथे तो ‘विथ’ उलगडायचा. अगदी जुन्या इंग्रजीत म्हणे ‘विथ’चा अर्थ सोबत नव्हताच. अर्थ होता समोर, विरुद्ध. सोबतीसाठी निराळाच शब्द होता — ‘मिड’. तो बिचारा पुढे नाहीसा झाला, फक्त सुइणीच्या ‘मिडवाइफ’मध्ये उरला. बाईच्या सोबत थांबते ती. आणि ‘विथ’चा जुना विरोध अजून ‘विथस्टँड’मध्ये पाय रोवून उभा आहे. मग विरुद्धचं सोबत झालं कसं? इथे श्रीधर रस्त्यातच थांबायचे. म्हणायचे, कुस्ती बघ! ज्याच्या विरुद्ध लढायचं त्याच्या किती जवळ जावं लागतं! लांबून बघणाऱ्याला कळतं का, झोंबतायत की मिठी मारतायत? आणि आपल्या मराठीतलं बघ — सासूशी भांडले, श्रीधरशी लग्न केलं. दोन्हीकडे ‘शी’च की!

माणूस काय खुलायचा हो! एरवी तोंडातून शब्द काढायला चिमटा लागायचा. ऑपरेशनच्या टेबलावरच्या पेशंटशी जेवढं बोलतील तेवढंच. तेही पेशंट झोपेपर्यंत. आणि इथे तलावाच्या काठाने हातवारे करत चालायचे, येणारेजाणारे सरदारजी वळून बघायचे. मुक्ताला तर ती गोष्ट राक्षस-राजपुत्राच्या गोष्टीसारखी पाठ झाली होती.

आणि मी? मी हसत होते, हुंकार देत होते — आणि आतून जळत होते. माझा विषय, माझं घर, माझी एम.ए.ची पदवी, आणि सुचावं कुणाला? भूल देणाऱ्याला! हे कारण म्हणून सांगते आहे. सबब म्हणून नाही.

त्या वर्षी गणेशोत्सवात मंडळाने आरतीआधी छोटी भाषणं ठेवली. ‘माझा आवडता विषय’. आणि काय आश्चर्य — श्रीधरनी आपणहून नाव दिलं! जन्मात पहिल्यांदा. मंडळात थट्टेला ऊत आला. डॉक्टर बोलणार म्हणजे हॉल झोपणार, उठवायला नर्स ठेवा, वगैरे. श्रीधर हसायचे आणि आंघोळ करताना भाषणाची तालीम करायचे. मला बाहेर ऐकू यायचं.

वक्त्यांचा क्रम लावायचं काम माझ्याकडे होतं. श्रीधरांचं नाव पहिलं होतं. मी म्हटलं, “अहो, तुम्ही शेवटी बोला. शेवटचा वक्ता मानाचा.” त्यांना ते इतकं आवडलं! नवीन शर्टला स्वतः इस्त्री करत बसले.

माझा विषय होता मुलांचं वाचन. उभी राहिले. समोर कम्युनिटी सेंटरचा हॉल, खिरापतीच्या वासाने अर्धा व्याकूळ, अर्धा पेंगत. पंचकुल्याहून आलेले जोशीकाका तर मान टाकून बसले होते. मी नमस्कार केला. आणि ‘विथ’ सांगायला लागले.

सगळा सांगितला. मिड, सुईण, कुस्ती, सासू. हातवारेसुद्धा त्यांचेच. लोक आधी हसले, मग सरसावून बसले. सासूवर तर बायका एकमेकींना टाळ्या देत होत्या. जोशीकाका टक्क जागे! आणि एक कबूल करू? मजा आली मला. फार मजा आली. तेवढा निखळ आनंद मला पुढे कुठल्याही व्यासपीठावर झाला नाही. तिसऱ्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून श्रीधर बसले होते. आधी चकित, मग — शपथेवर सांगते — तेही हसत होते. सासूवर सगळ्यात मोठ्याने.

त्यांची पाळी आली. ते उठले, चष्मा पुसला, म्हणाले, “मला जे सांगायचं होतं ते आधीच्या वक्त्यांनी फार सुंदर सांगितलं. बाप्पा ताटकळलेत. आरती करूया.” हॉल खो खो हसला. तेव्हापासून मंडळात कुणी भाषण आवरतं घेतलं की ‘डॉक्टरांचं भाषण’ म्हणतात. श्रीधर पुन्हा कधी माइकजवळ गेले नाहीत. मी मात्र ‘विथवाल्या मॅडम’ झाले. कुठल्या कुठल्या शाळांतून बोलावणी, हार, श्रीफळं. तोच विथ. प्रत्येक वेळी तो माझाच.

घरी जाताना स्कूटरवर पुढे उभी असलेली मुक्ता म्हणाली, “आई, वो तो बाबा की कहानी थी ना?” श्रीधर शांतपणे म्हणाले, “आईची पण आहेच ती, बेटा.”

मार्केटपाशी त्यांनी स्कूटर थांबवली, गरम जिलबी घेतली. मग माझा हात हातात घेतला — पेशंटचा घेतात तसा — आणि म्हणाले, “घाबरलीस ना? होतं असं. भलेभले घाबरतात.”

बघा, वाट त्यांनीच दाखवली. मी फक्त पाऊल टाकलं. म्हटलं, “हो. वर गेले आणि माझं सगळं डोक्यातून गेलं. तुमचं तेवढं आठवलं.”

त्यांचा चेहरा असा उजळला! हातात जिलबी, पाक मनगटावरून ओघळतोय, आणि हे म्हणतायत, “स्वतःचं विसरलीस आणि माझं आठवलं?” एवढा आनंद त्यांना त्या भाषणाने झाला नसता. खरंच नसता झाला. तेव्हापासून दर लग्नाच्या वाढदिवसाला, दोघंच असलो की, जिलबी आणतात आणि तेच वाक्य म्हणतात. बाहेर कुणाला आजवर एक शब्द बोलले नाहीत. विषय कुणाचा, कोश कुणाचा — काही नाही. आता निवृत्त झालेत, पण तलावावर अजून जातो आम्ही. भांडतोही तिथेच. आम्ही दोघं सुखी आहोत हो, अगदी दृष्ट लागण्यासारखे. त्यातलं निम्मं सुख त्या एका वाक्यावर उभं आहे.

हे छापून आलं की सगळ्यात आधी श्रीधरच वाचतील. तेच भिंग लावून, चहा गार करत. मी समोर बसलेली असेन, उठून जाणार नाही.

अहो, त्या दिवशी मी घाबरले नव्हते. काही विसरलेही नव्हते. माझं भाषण मला शब्दन् शब्द पाठ होतं.