साडूंचा ठिपका

एखादी गोष्ट वीस वर्षं नेमाने शोधावी आणि तितक्याच नेमाने ती सापडू नये, हा विक्रम अख्ख्या नाशिक जिल्ह्यात आमच्या साडूंच्या नावावर आहे. साडू खगोलशास्त्रज्ञ. मोठा तारा फुटून मेला की त्याचा गाभा उरतो आणि कधीकधी सेकंदाला वीस-तीस गिरक्या घेत सुटतो; त्याला पल्सार म्हणतात. त्याची टकटक रेडिओ दुर्बिणीला ऐकू येते, पण डोळ्यांना दिसेल असा त्याचा उजेड इतका मंद की जगात मोजकेच सापडलेत. असल्या तरण्या पल्सारांचा उजेड शोधणं हे साडूंचं काम, आणि त्यांच्या बहुतेक निबंधांचं सार एकच: दिसला नाही. "दिसलं नाही तर छापता काय?" सासऱ्यांनी एकदा विचारलं. "किती मंद असेल तर दिसणार नाही, ते," साडू शांतपणे म्हणाले. सासऱ्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

नव्वदच्या दशकात ते सुट्टीला येत तेव्हा सोबत आकाशाचे फोटो असत. प्रत्येकावर पल्सार असायला हवा तिथे पेन्सिलीने एक वर्तुळ. वर्तुळात ठिपका दिसतो का, हे घरातल्या प्रत्येकाने भिंगातून बघून सांगायचं. एका बारशाला तर बाळाला बघायच्या आधी त्यांनी पाळण्याभोवतीच्या बायकांना फोटो दाखवले. "माझा डोळा लोभी झालाय, साडूभाऊ," ते मला म्हणत. "तुमचा निरिच्छ आहे." एकलहऱ्याच्या वीज केंद्रात रात्रपाळी करणाऱ्याचा डोळा निरिच्छच असतो, त्याला फक्त मिटायचं असतं.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीवर त्यांना शेवटची संधी हवी होती, आणि दाखवायला एखादा ठिपका असल्याशिवाय ती मिळणार नव्हती. मखमलाबादला सासुरवाडीत रविवारी त्यांनी नवा फोटो आणि भिंग घेऊन मला गाठलं. मी पाळी संपवून तसाच आलो होतो, आतून काळ्या मसाल्याच्या वांग्यांचा वास येत होता. सासूबाईंची तिसरी हाक आली, "जावईबापू, लय झालं ते बघणं! ताटं वाढलीत, उठा आता."

"घाई नको, नीट बघा," साडू म्हणाले.

"आहे, आहे. डावीकडे ठिपका आहे," म्हणालो आणि उठलो. साडूंनी भिंग घेतलं. त्यांनाही तो दिसला. त्या दिवशी ते जेवायचेच विसरले.

अर्ज मंजूर झाला. साडू हौसेने गेले, आणि महिन्याने परतले ते रिकामं वर्तुळ घेऊन. त्या दुर्बिणीतून ठिपक्याच्या जागी काहीच नव्हतं. पुढे ते तसेच निवृत्त झाले.

मला राहवेना. ओट्यावर बसलो असताना कबूल केलं, "साडूभाऊ, मला तेव्हा काही दिसलं नव्हतं. भूक लागली होती हो."

"ठाऊक आहे. तुमचं सगळं लक्ष स्वयंपाकघराकडे होतं."

"मग?"

"मग काय? वीस वर्षांत 'आहे' म्हणालेले तुम्ही पहिलेच. खोटं असलं तरी ऐकायला फार बरं वाटलं."

आता ते पुण्याला लेकीकडे असतात. मखमलाबादला रविवारची जेवणं वेळेवर होतात, आणि मला ते मुळीच आवडत नाही.