झीरो बघून घ्या, ताई

नोकरीसाठी इंदूरला आले, तेव्हा मराठी ऐकायला कान आसुसले होते. ते ऐकायला मिळालं बेटमा रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर, आमच्या कॉलेजच्या थोडं अलीकडे. तिथले मॅनेजर महूचे. वडील फौजेत होते, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून झालं. माझ्या स्कूटरची महाराष्ट्राची नंबरप्लेट बघून ते केबिनमधून उठून आले होते. पाइप स्वतःच्या हातात घेऊन म्हणाले, "ताई, झीरो बघून घ्या. बाद में मत बोलना, की काकांनी सांगितलं नाही."

मी कधीच बघितला नाही. "तुम्ही आहात ना," म्हणायचे आणि गप्पा सुरू. पोह्यांवर शेव घालणं मला पटत नाही, म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं होतं की जणू मी कुणाचा खून केलाय. अशी सात वर्षं गेली.

मग निवडणुकीच्या तोंडावर कुणाला तरी शोध लागला, की या पंपाच्या कंपनीत मोठा हिस्सा परदेशी आहे. कंपनीच्या नावाचा बोर्ड इतकी वर्षं तिथेच होता, पण तेव्हा तो कुणाला टोचला नव्हता. एक पक्ष म्हणे, देश विकला. दुसरा म्हणे, यांना आत घेतलं कुणी? घोषणा द्यायला दोघांनाही हाच पंप सोयीचा, कारण समोर चहाची टपरी आणि गाड्या लावायला भरपूर जागा. त्यातच कुणीतरी ठोकून दिलं, की इथे मापातही मारतात.

सकाळी कॉलेजला जाताना मी नेहमीसारखी पंपावर वळले. बोर्डाला काळं फासलेलं होतं. गर्दीच्या मधोमध काका शिक्का असलेलं पाच लिटरचं माप भरून दाखवत होते. मापाकडे कुणी बघत नव्हतं, सगळ्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे. एक जण "गद्दार" म्हणून ओरडला. फौजीच्या मुलाला!

मला बघून काकांचा चेहरा उजळला. जवळ येऊन घाईघाईने म्हणाले, "बरं झालं आलात, ताई. पंपाचे सेठजी बोलले, मापाची बदनामी झाली तर मॅनेजरीवरून हटवीन. जरा इनको बता दो ना, सात वर्षांत कधी थेंब कमी पडला?" आणि त्यांनी चॅनलवाल्याला हाक मारली, "यांना विचारा, रोजच्या आहेत."

माइक माझ्या तोंडासमोर आला. त्याच्या पलीकडे, मोर्चाच्या पहिल्या ओळीत आमच्या कॉलेजचे अध्यक्ष उभे होते. मी कंत्राटी प्राध्यापक, आणि त्याच महिन्यात माझं कंत्राट पुढे वाढायचं होतं.

"मैं तो आज पहली बार आई हूँ," मी म्हणाले.

काका वाद घालतील, मला खोटं पाडतील, असं वाटलं होतं. त्यांनी माप खाली ठेवलं आणि चॅनलवाल्याला म्हणाले, "गलती हो गई, भिया. कोई दूसरी मॅडम होंगी." माझं खोटं त्यांनीच सावरून घेतलं. त्याची लाज मला आजही वाटते.

कंत्राट वाढलं. निवडणूक झाली, बोर्ड पुसला गेला, आणि घोषणा देणाऱ्यांच्याच गाड्या तिथे पेट्रोल भरायला लागल्या. मी मात्र अन्नपूर्णा भागातल्या पंपावर जात होते. तो घरापासून जवळ पडतो, असं नवऱ्याला सांगितलं होतं. तो लांब पडतो.

काही महिन्यांनी कॉलेजातून परतताना गाडी रिझर्व्हला लागली आणि दुसरा इलाज उरला नाही. केबिनमध्ये कुणी नवा माणूस बसला होता. काका गणवेश घालून बाहेर पाइपपाशी उभे होते. केस पुष्कळ पिकले होते. माफी मागायचं वाक्य मी इतके दिवस मनात घोळवलं होतं.

"मॅडमजी," ते अदबीने म्हणाले, "झीरो देख लीजिए."

'तुम्ही आहात ना' म्हणायला मला तोंड राहिलं नव्हतं. ते पाइप धरून थांबले. मी बघेपर्यंत त्यांनी पेट्रोल सोडलं नाही.

मी झीरो बघितला.