गटारीच्या काठावर कॅमेरा

पत्रकाची मागणी पहिल्याच ओळीत हवी, ठळक अक्षरांत हवी. रस्त्यावरचा माणूस आपल्यासाठी तीन सेकंद थांबतो, तेवढ्यात सगळं सांगून मोकळं व्हायचं. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते आणि वाटते, त्यामुळे माझी पहिली फिल्मही तशीच निघाली. काळा पडदा, त्यावर लाल अक्षरं: ‘आमच्या गल्लीतल्या गटारीवर फरशी घाला!!!’ मग मी स्वतः, गटारीशेजारी उभी, हातवारे करत. चार मिनिटं मी एकटीच बोलत होते.

ती मी हुबळीच्या कोप्पीकर रोडवर लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका अण्णांना दाखवली. घरात कन्नड, गिऱ्हाइकांशी मराठी आणि फावल्या वेळात थ्रिलर सिनेमे, असा हा माणूस. त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, “तंगी,” म्हणजे धाकटी बहीण, “पहिल्याच सेकंदाला खुनी कोण ते सांगून टाकलंस. आता मी बसू कशाला?”

“खुनी नाही अण्णा, खड्डा आहे तो.”

“तेच की!”

मला राग आला. थ्रिलर सिनेमांबद्दल माझं मत तेव्हा एका ओळीचं होतं: लोकांचं लक्ष खऱ्या प्रश्नांवरून उडवायचा धंदा. पण माझ्याकडे दुसरा उपाय उरला नव्हता. जुन्या हुबळीतल्या आमच्या गल्लीत गटारीवरची एक फरशी वर्षभरापूर्वी तुटली होती. अर्ज झाले, सह्या झाल्या, माझी तीन पत्रकं झाली. त्यातलं एक तर त्या गटारीतच तरंगताना दिसलं.

ज्या दुकानासमोर ती फरशी तुटली ते पिको-फॉलचं दुकान काकूंचं. काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत, सगळ्या गल्लीच्याच काकू. यजमान गेल्यावर समोरच्या खोलीत एकट्या राहतात. साखरेच्या आजाराने नजर मंदावलीय, पण सुईत दोरा मात्र अंदाजाने ओवतात आणि हे कुणाला कबूल करत नाहीत. धारवाडला राहणारी त्यांची मुलगी वर्षभर मागे लागली होती, खड्ड्यात पडशील, दुकान बंद कर आणि माझ्याकडे ये. शेवटी तिने मुदतच दिली: गणपतीपर्यंत फरशी बसली तर ठीक, नाहीतर विसर्जन झालं की सामान बांधायचं.

म्हणून मला फिल्म हवी होती. दर वर्षी गणपतीत नगरसेवक आमच्या मंडळाच्या आरतीला येतात, शाल-नारळ घेतात आणि दहा मिनिटं खुर्चीत बसतात. वर्षात एवढाच वेळ ते आमच्या गल्लीत एका जागी सापडतात.

अण्णांनी मला आठवडाभर दुकानात बसवून सिनेमे दाखवले, तेही आवाज बंद करून. “बडबड काढून टाकली की मांडणी दिसते बघ,” ते म्हणायचे. आणि खरंच दिसायला लागली. एक बाई स्वयंपाकघरात भाजी चिरतेय, यात भिण्यासारखं काय? पण कॅमेरा असा लावलाय की तिच्या पाठीमागचं दार सतत पडद्याच्या चौकटीत आहे, अर्धवट उघडं. ती खाली बघते, आपण दाराकडे. कुणी येत नाही. तरी आपण दाराकडेच. दुसऱ्या सिनेमात एक माणूस चौकटीच्या एका कोपऱ्यात बसलेला, उरलेली सगळी जागा रिकामी. ती रिकामी जागा त्याच्यापेक्षा मोठं पात्र होती.

“हे फसवणं आहे,” मी म्हणाले.

“लग्नात अंतरपाट धरतात ते काय असतं मग?” अण्णा म्हणाले. “पलीकडे कोण उभंय ते अख्ख्या हॉलला माहीत. नवऱ्यालाही माहीत. तरी भटजींनी अष्टक लांबवलं की सगळ्यांच्या माना उंच होतात का नाही? मी पंचवीस वर्षं त्या मानाच शूट करतोय. लपवायचं काही नाही, तंगी. दोन्ही गोष्टी दाखवायच्या आणि मध्ये अंतर ठेवायचं.”

मी म्हणाले की चहा गार झालाय.

शूटिंगच्या सकाळी मी काकूंना सांगितलं, “गटारीपाशी या, खाली बघा आणि कपाळावर हात मारा.”

“का?”

“लोकांना तुमचं दुःख दिसायला नको?”

“मी दुकान उघडायला निघालेय, दुःख करायला नाही. वेळ असला की करते. तुझ्या मोर्चातली आहे का गं मी?”

अण्णा हसून गटारीच्या काठावर चक्क पालथे झोपले. कॅमेरा जमिनीला टेकवला. समोर काळा खड्डा, अर्ध्या चौकटीएवढा. त्याच्या पलीकडे दूर, अंगठ्याएवढ्या दिसणाऱ्या काकू, हातात पिशवी. खड्ड्याशेजारी, चौकटीच्या जरा बाहेर, मी त्यांना धरायला उभी. मला सक्त ताकीद होती की तोंड उघडायचं नाही.

काकू निघाल्या. ओठ हलत होते. मला वाटलं, स्तोत्र म्हणतायत. जवळ आल्या तेव्हा ऐकू आलं: “सहा… सात…”

तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, “काकू, माझा ब्लाऊज झाला की नाही?”

काकू थांबल्या, वळल्या. “उद्या! अस्तर कुठं दिलंयस तू अजून?” मग पुन्हा पुढे तोंड केलं. आणि तशाच उभ्या राहिल्या. एक पाय उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. मी पुढे पाऊल उचललं. अण्णांनी न बघताच माझा पाय घट्ट धरून ठेवला.

मग काकू शांतपणे मागे वळल्या, आपल्या दारापर्यंत परत गेल्या, पायरीला टाच टेकवली आणि पुन्हा एकपासून सुरू केलं. अकराव्या पावलाला डावीकडे वळल्या, दोन पावलं टाकून शाबूत फरशीवरून गटार ओलांडली आणि कुलूप उघडलं.

त्यांना खड्डा दिसतच नव्हता. वर्षभर त्या मोजून चालत होत्या. आणि मी तीन पत्रकांत ‘नागरिकांची गैरसोय’ असं लिहिलं होतं!

अण्णांनी फिल्मवर एक अक्षर घालू दिलं नाही. आवाजसुद्धा काढून टाकला. अडीच मिनिटं, एकच शॉट.

आरतीच्या संध्याकाळी मी मंडपात पोचले आणि पेटलेच. मंडप काकूंच्या दुकानाला लागूनच्या मोकळ्या जागेत, आत जायचं तर तीच गटार ओलांडायची. आम्ही सगळे आठवडाभर बाजूच्या फरशीवरून ये-जा करत होतो. पण आज पाहुणे येणार म्हणून मंडळाने त्या खड्ड्यावर प्लायवूड टाकून वर लाल गालिचा अंथरला होता! शिवाय कडेने रांगोळी.

“अरे, जे दाखवायचं तेच झाकलंत?” मी अध्यक्षांना म्हणाले.

“मग काय पाहुण्यांना गटार दाखवायची? चांगलं दिसतं का ते?”

नगरसेवक गालिच्यावरून रुबाबात आत आले. आरती झाली, शाल झाली. मग अण्णांनी पडदा सोडला आणि फिल्म लावली.

पहिली वीस सेकंदं लोक प्रसादाबद्दल बोलत होते. मग बोलणं थांबलं. सातव्या पावलाला थांबून काकूंनी पुन्हा पाय उचलला तेव्हा कुणीतरी “अय्यो, निल्री!” म्हणजे ‘अहो, थांबा!’ असं पडद्याला सांगितलं. काकू परत दाराकडे गेल्या तेव्हा सगळे हसले, आणि ओठ हलवत पुन्हा पहिल्या पावलापासून निघाल्या तेव्हा आधीपेक्षा गप्प झाले. फिल्म संपल्यावर नगरसेवक उठले, नमस्कार करत निघाले आणि गालिच्यापाशी आले. सगळा मंडप त्यांच्या पायांकडे बघत होता. त्यांनीही खाली बघितलं. मग बाजूच्या फरशीवरून, धोतराचा सोगा उचलून, हळूच बाहेर पडले. बाहेर उभं राहून त्यांनी लगेच फोन लावला.

मी जिंकल्यासारखी मागे वळले, तर काकूंची मुलगी समोर. ती आरतीसाठी धारवाडहून आली होती. चेहरा पांढरा पडला होता.

“आई मोजून चालते?” तिने मला विचारलं. “तिला दिसत नाही?”

काकू माझ्याकडे बघत होत्या. “गटार दाखवीन म्हणालीस,” त्या म्हणाल्या. “मला दाखवलंस की गं.”

मुलीने त्याच क्षणी ठरवून टाकलं. फरशी बसो न बसो, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आईला न्यायचं. अडीच मिनिटांच्या फिल्मने मी नगरसेवकाला हलवलं होतं आणि काकूंना त्यांच्या दुकानातून जवळजवळ उठवलं होतं. लोक घाबरावेत म्हणून मी मांडणी केली. कोण घाबरेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अण्णा म्हणाले, “कॅमेऱ्याला काय ठाऊक, तंगी, बघणारा नगरसेवक आहे का मुलगी.”

फरशी विसर्जनाच्या आदल्या दिवशी बसली. मी मुलीला फोन केला. तिने विश्वास ठेवला नाही. आईचं मोजणं मी तिला न सांगता सगळ्यांसमोर पडद्यावर दाखवलं होतं, तेव्हा तिला माझं काहीही खरं वाटत नव्हतं, आणि तिचं चुकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसने आली, नव्या फरशीवर उभी राहिली, टाच आपटून बघितली. समोरून काकू आल्या, सरळ, न मोजता, आणि तिच्या समोर थांबल्या.

“डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायचं,” मुलगी म्हणाली. “या आठवड्यात. त्यात नाही म्हणायचं नाही.”

“येते की.”

“आणि मग डॉक्टर म्हणतील तसं.”

“डोळ्यांचं ते सांगतील तसं,” काकू म्हणाल्या. “दुकानाचं मी सांगेन तसं. सरक आता, कुलूप काढू दे. अस्तर घेऊन ती बाई आलीय.”

मुलगी सरकली. मी मदतीला पुढे झाले, तर काकूंनी किल्ली मुलीच्या हातात दिली.