भिंतीपलीकडची सादाए आजी

आमच्या युनोसावात, या गरम झऱ्यांच्या गावात, असं बोलतात की सादाए आजी गल्लीच्या न्हाणीघरात दुपारच्या अंघोळीला गेली की मेलेल्या नवऱ्याशी गप्पा मारते. बायकांच्या बाजूच्या हौदात गळ्यापर्यंत बसायचं, मधल्या लाकडी भिंतीकडे तोंड करायचं आणि पुरुषांच्या बाजूला हाका मारायच्या. वरून साबणही फेकते म्हणे, त्याच्यासाठी. झऱ्याच्या पाण्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांना आमच्या गल्लीतले लोक हे इतकं रंगवून सांगतात, की त्या वेळी कुणी फिरकतच नाही. तेवढीच गर्दी कमी.

आता खरं काय ते सांगतो. भुताला साबण लागत नाही. साबण लागतो तोकुजी आजोबांना. टॉवेल, कंगवा, कोरडे मोजे, सगळं आठवणीने आणतात आणि साबण तेवढा घरी ठेवतात. भिंत छताला टेकलेली नाही, त्यामुळे काम भागतं.

"झेल रे, म्हाताऱ्या."

"अगं, डोक्यात बसला."

"मग नेम बरोबर होता."

हे मी दोघांच्या आवाजात करतो तेव्हा मिठाईच्या दुकानातली माणसं चहा सांडतात.

आजी पूर्वी वरच्या आळीतल्या हॉटेलात खोल्यांमध्ये जेवण पोचवायची. कागदी दारापाशी गुडघे टेकून आधी कान द्यायचा. आत झोपलेत, जेवतायत की भांडतायत, हे ओळखल्याशिवाय दार सरकवायचं नाही. "भांडण चालू असेल तर ताट खुशाल गार होऊ द्यावं," ती म्हणते. "मासा पुन्हा भाजता येतो. नवऱ्याचं तसं नाही."

तिचा स्वतःचा नवरा रोज भिंतीपलीकडे असायचा. "निघते हं मी," अशी ती हाक मारायची, मग दोघं एकाच वेळी दारात, ओल्या केसांनी. तो गेला, पण हाक काही सुटली नाही. एक दिवस पलीकडून कुणीतरी लाकडी बादली दोनदा ठोकली. हे तोकुजी आजोबा, नवऱ्याचे दोस्त. तेव्हापासून आजी मधूनमधून हाक मारते आणि ते बादली ठोकतात. बादली वाजली म्हणजे माणूस शुद्धीवर आहे.

या हिवाळ्यात खालच्या आळीच्या न्हाणीघरात एका म्हाताऱ्याला कढत पाण्यात भोवळ आली. वाचला बिचारा. पण आमच्या गल्लीचं न्हाणीघर सांभाळणाऱ्या मंडळाचे प्रमुख मुनेचिकासान कुलूप घेऊनच हजर झाले. ऐंशीच्या पुढच्या कुणी एकट्याने आत जायचं नाही आणि दुपारी न्हाणीघर बंद. तोकुजी आजोबांच्या घरात न्हाणी नाही. संध्याकाळच्या गर्दीत त्या ओल्या फरशीवर त्यांचा गुडघा टिकत नाही. दुपार गेली म्हणजे त्यांची अंघोळच गेली.

"एकटा कुठे?" आजी म्हणाली. "मी असते ना."

"तुम्ही भिंतीच्या त्या बाजूला. तुम्हाला काय कळणार?"

"सगळं कळतं."

मला राहवलं नाही. तोकुजी आजोबांच्या आवाजात मी मागून म्हणालो, "काही कळत नाही हिला."

मुनेचिकासान दचकून मागे वळले, आजोबांना शोधायला लागले. मग कुलपाकडे बघून हसले. "हेच करू या. या आठवड्यात कधीतरी तोकुजींच्या जागी हा आत बसेल, त्यांच्या आवाजात. आजी फसल्या तर कुलूप."

"चालेल," आजी माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "आणि ही साळुंकी हरली तर बर्फ वितळेपर्यंत माझी नक्कल बंद."

हरायचा प्रश्नच नव्हता. मी लगेच हो म्हणालो.

एका दुपारी आजोबांना कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसवलं. शेजारी मुनेचिकासान, मांडीवर कुलूप. मी आत गेलो. सुरू न होणाऱ्या मोटारीसारखा त्यांचा खोकला काढला. पाण्यात उतरताना त्यांची ठरलेली शिवी दिली. वरून साबण आला. तो झेलून हातातून सटकवला, कारण आजोबांच्या हातून तो सटकतोच.

"तोकुजी, बरा आहेस ना?"

"नाही तर काय, मरतोय." दोनदा बादली ठोकली. इतकं हुबेहूब मला पूर्वी कधी जमलं नव्हतं.

पलीकडे काही हालचाल नाही. दाराच्या फटीतून मला दिसलं, मुनेचिकासान उठले होते. आजोबा पायातले मोजे बघत बसले होते. मलाच कसंतरी झालं.

मग पलीकडून आवाज आला. "मुनेचिकासान, जरा आत डोकवा. आमचा तोकुजी निम्मा झालाय."

"म्हणजे?"

"तिकडचा हौद काठोकाठ असतो. तो बसला की सांडलेलं पाणी माझ्या बाजूच्या गटारातून किती तरी वेळ खळखळत जातं. आज कुणी चूळ भरल्याएवढं गेलं. आवाज त्याचाच आहे, पोट त्याचं नाही."

"पोटाचं काय काढलंस गं?" आजोबा बाकावरूनच ओरडले.

"बघा, तो तिथे बसलाय."

मुनेचिकासाननी कुलूप खिशात घातलं, ते पुन्हा काही बाहेर आलं नाही. आजोबा घाईघाईने कपडे काढून आत आले आणि मला म्हणाले, "सरक, माझी जागा आहे ती." ते बसले. पाणी खळखळत गेलं. पलीकडे आजी मजेत हसत होती.

दुसऱ्या दिवशी मिठाईच्या दुकानात आजीच्या नकलेची फर्माईश झाली. मी तोंड मिटून बसलो. समोर आजी शेंगदाणे सोलत होती. ती खाकरली आणि मी तोकुजी आजोबांची नक्कल कशी करतो, त्याची नक्कल तिने करून दाखवली. तिला धड जमली नाही. लोक मात्र माझ्या वेळेपेक्षा जास्त हसले.

बर्फ अजून कमरेएवढा आहे.