मोहाच्या ढोलीतलं खवल्या मांजर

आमच्या करडीच्या शेताच्या कडेला एक मोह आहे. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही तो असाच म्हातारा होता म्हणतात. मी आणि त्या दोघींनी दोन्हीकडून मिठी मारली तरी आमची बोटं एकमेकींना लागत नाहीत. बुंध्याशी मोठी ढोली आहे. त्यात शेरडू लपलं तरी दिसायचं नाही.

मोहफुलं पडायला लागण्याआधी झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करायची, ही इकडची रीत. त्या सकाळी आम्ही पाला ओढून ढीग केला आणि सासूबाईंनी काडी लावली. तोवर वारा नव्हता. मग एकदम फिरला आणि धूर सरळ ढोलीत शिरला.

आतून काहीतरी खरडल्याचा आवाज आला. मला वाटलं घोरपड असेल. पण बाहेर आलं ते अंगभर खवले असलेलं, लांब तोंडाचं जनावर. आम्हाला पाहताच त्यानं डोकं पोटात घातलं आणि गोळा झालं, आगीपासून हातभर अंतरावर.

"खवल्या मांजर हाय वं!" सासूबाई ओरडल्या. "विझव, विझव!"

पळसाच्या फांद्या मोडून आम्ही आग झोडपत सुटलो. माझ्या पायाला चटका बसला, तो घरी गेल्यावर कळला. आग विझली, पण गोळा काही उलगडेना. मी वाकून पाहिलं. शेपटीच्या वेढ्यात आणखी एक फिकट, मऊ तोंड होतं. पिल्लू!

तेवढ्यात बांधावर मोटारसायकल थांबली. आमच्याच गावचा माणूस, वरठीच्या कारखान्यात ड्युटीवर चालला होता.

"काय होऊन राहिलं जी? धूर काहून एवढा?"

खवल्यांसाठी याला मारतात, हे आम्हा दोघींना माहीत होतं. हा माणूस तसा नव्हता. पण त्यानं कारखान्यात नुसती गोष्ट सांगितली असती तरी संध्याकाळपर्यंत किती जण आले असते! सासूबाईंनी मोठी टोपली उचलून गोळ्यावर उपडी घातली आणि हात हलवत ओरडल्या, "आग्या माश्या उठल्या रे बाप्पा! पळ!"

तो गाडी वळवून असा पळाला की त्याचा डबा बांधावर पडला, तरी थांबला नाही. एरवी मी हसून लोळले असते. तेव्हा मात्र तो परत येतो की काय म्हणून बांधाकडेच बघत राहिले.

टोपली काढून आम्ही लांब जाऊन बसलो. ऊन चढलं. फार वेळानं गोळा सैल झाला, नाक वर आलं, त्यानं हवा हुंगली आणि ती आई पिल्लाला शेपटीवर घेऊन डुलत डुलत पुन्हा ढोलीत गेली.

खरा घोर त्यानंतर लागला. वनरक्षकाला सांगावं तर त्याच्या गाडीमागे गाव येईल. न सांगावं तर काही बरंवाईट झालं की आपल्याच माथी. पोळी लाटता लाटता मी उठायची, शेताकडे निघायची, अर्ध्या वाटेत थांबायची. मी सारखी जातेय हेच कुणाच्या डोळ्यांवर आलं तर?

"बस ना वं एका जागी," सासूबाई म्हणायच्या. पण त्याही दारातून शेताकडेच बघत असायच्या.

शेवटी न राहवून मी वनरक्षकाला फोन केला. तो साध्या कपड्यांत, सायकलनं आला, लांबून पाहिलं आणि म्हणाला, "हात लावू नोका. तिले जावंसं वाटंन तवा जाईन."

आणि ती गेली. एका सकाळी ढोली रिकामी होती. माणसांच्या पावलांची खूण नव्हती, झटापट नव्हती, तरी माझं मन मानेना. जंगलाच्या बाजूला नाल्याकाठी मला मुंग्यांसाठी फोडलेलं वारूळ दिसलं आणि ओल्या मातीत शेपटी घासत गेल्याचा माग. मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी नुसते हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मी परत नाल्यावर गेले आणि कुणी तिच्या मागावर जाऊ नये म्हणून तो माग पायानं पुसला. पुसल्यावर ती जागाच जास्त उठून दिसायला लागली. वर पळसाची पानं टाकली, तीही मुद्दाम टाकल्यासारखी दिसली. मग पानं उचलली, आणि कितीतरी वेळ हातात घेऊन तिथंच उभी राहिले.