फोटोपुरतं पुस्तक

अमडापूरच्या फोटो स्टुडिओवाल्या चाचांच्या भिंतीवर एका ख्रिस्ती संताच्या जुन्या इटालियन चित्राची छापील प्रत आहे. पुढ्यात ग्रंथ, मेजावर कवटी, पायाशी सिंह. गिऱ्हाइकाला ते चित्राकडे बोट दाखवून "यायच्यासारखं बसा" म्हणतात आणि हातात एक जाड पुस्तक देतात. त्यांना काहीही सांगा, उत्तर ठरलेलं: "हाव भाऊ, हाव."

परवा मी त्यांना सुनावलं, "चाचा, तो ग्रंथ म्हणजे त्या संताचा जन्मभराचा अभ्यास. कवटी म्हणजे मरणाची आठवण. अक्षर न येणाऱ्याच्या हाती तुम्ही पुस्तक देता, हा खोटेपणा आहे!"

"हाव भाऊ, हाव."

स्टुलावर बसलेल्या भाजीवाल्या मावशींकडे माझं लक्षच नव्हतं. त्यांनी मांडीवरचं पुस्तक हळूच खाली ठेवलं. "राहू दे बापा. मले कुठं वाचता येते? शाळेत जायाची लई हौस होती, म्हून धरलं."

चाचांनी पुस्तक उचललं, बाहीनं पुसलं आणि मधोमध उघडून पुन्हा त्यांच्या हाती दिलं. मग मला म्हणाले, "भाऊ, जरा बाहीर थांबता का? मावशी लाजून राह्यल्या."

माझ्या तत्त्वांसकट मी बाहेर आलो. कान तापले होते. पडद्याआडून चाचांचा आवाज आला, "नजर पुस्तकात ठेवा, मावशी. घाई नाई."