दुसऱ्याच्या नावावर

शाळेला चार टॅब मिळाले तेव्हा माझ्या पाचवीत वीस पोरं होती. मी पाच-पाच जणांचे गट पाडले. ज्याला येतं त्यानं शेजारच्याला समजवायचं, ओढाओढ करायची नाही, आणि आपली पाळी आली की टॅबवरच्या आपल्या नावावर बोट ठेवून गणितं सोडवायची. गंगाखेडला शिक्षकांच्या बैठकीत मी यावर दहा मिनिटं बोलले, टाळ्याही घेतल्या. त्या टाळ्या आठवल्या की आता अंगावर काटा येतो.

दिवाळीनंतर एक मुलगी नव्यानं आली. तिचे वडील राणीसावरगावकडून आमच्या गावात सालगडी म्हणून आले होते. टॅबवर तिचं नाव नव्हतं आणि ते टाकायला रेंज नव्हती. गटातला एक मुलगा नुकताच आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला होता. मी तिला म्हटलं, "आजच्या दिवस त्याच्या नावावर कर." आठवड्यानं मी घरून तिचं नाव टाकलं. तिला सांगायचं मात्र राहिलं.

हरभरा काढणीच्या दिवसांत पालकसभा झाली. टॅबवर कुणी किती गणितं सोडवली त्याची यादी मी मोबाइलवर उघडून एकेकाला सांगत होते. तिच्या वडिलांची पाळी आली. ती शेजारीच उभी होती. सगळ्यांदेखत मी म्हटलं, "तुमची मुलगी नुसती बसून असते. शून्य आहे."

"मंग कशाला बसवायची, म्याडम?" ते म्हणाले. "आईसंगं हरभरा काढायला जाईल."

सोमवारी ती आली नाही. चला, गट आता नीट चालेल, असंच माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू?

दोन दिवसांनी तीच यादी मी निवांत पाहिली. सगळ्यात वर त्या ऊसतोडीला गेलेल्या मुलाचं नाव. मला वाटलं, टॅब बिघडला. हा पोरगा तर तिकडं कारखान्यावर! मी गटाला विचारलं.

"ते नव्या पोरीचंच हाय की," एक मुलगी म्हणाली. "आमालाबी तीच शिकवायची. लय भारी शिकवती."

त्या गटाशेजारून मी रोज शंभरदा जात होते, आणि कोण कुणाला शिकवतंय ते एकदाही वाकून बघितलं नव्हतं. मधल्या सुट्टीत मी तडक तिचे वडील राबत होते ते शेत गाठलं. ती आईच्या बाजूला हरभरा उपटत होती.

मी धापा टाकतच वडिलांना सांगितलं, की चूक माझी आहे, तुमची मुलगी वर्गात पहिली आहे. ते लेकीकडे वळले.

"आगं, मंग सभेत बोलली का न्हाईस?"

तिनं हातातला हरभरा खाली ठेवला. "म्याडमनीच सांगितलं व्हतं त्याच्या नावावर कर म्हणून," ती म्हणाली. "मला वाटलं, मंग ते समदं त्याचंच असतंय."